तुम्ही विचारलंत म्हणून : काळ्या दगडाचं अंडं

‘शोकेसमध्ये ठेवतात तसं गुळगुळीत दगडी अंडं आपल्या साताऱ्याच्या काळ्या दगडाचं होईल का? आणि अंडंच कशाला, साधा गोल गोटा का नको?’ हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनंच येतात.

होतं, आणि फार देखणं होतं. बाजारात ‘ऑनिक्स’ म्हणून मिळणारी हिरवट-पांढरी अंडी बऱ्याचदा कॅल्साइट या मऊ खनिजाची असतात. त्यांवर खिळ्यानं ओरखडा उठतो, लिंबाचा रस पडला की चमक जाते. गुजरातेतल्या खंबातच्या अकीकाला (अगेटला) यातलं काही होत नाही. आपला काळा पाषाण अकीकाहून थोडा मऊ, पण लिंबाला दाद देत नाही.

दगड निवडताना घाई नको. कास-पाचगणीचा जांभा या कामाचा नाही, तो चुरतो. वरवंट्याला लागतो तसा, भोकं नसलेला घट्ट दगड घ्या आणि हातोडीनं हळूच ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत चीर आहे, ती पॉलिशच्या वेळी उघडी पडणार.

६० मिमी उंच, ४५ मिमी जाड अंड्यासाठी ५० × ५० × ७० मिमीचा ठोकळा कापून घ्या. ठोकळा अर्धा किलो भरतो, अंडं जेमतेम १८५ ग्रॅम. बाकीची भुकटी होते, म्हणून घासताना दगड सतत ओला हवा. दगडाची कोरडी धूळ फुफ्फुसात बसते. खंबातला सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग अकीकाच्या अशाच धुळीचा. विजेच्या ग्राइंडरवर मात्र पाणी ओतू नका. ओलं काम हातानं, डायमंड पॅडनं (हिऱ्याची भुकटी बसवलेल्या पॅडनं) करा.

आधी चारही कडा मारून आठ पैलू पाडायचे, मग सोळा. पुठ्ठ्यात अर्ध्या अंड्याचा साचा कापून तो दगडाला लावत, दगड फिरवत घासायचं. सर्वांत जाड जागा मधोमध नसते, बोथट टोकापासून साधारण २७ मिमीवर येते. निमुळतं टोक शेवटी घ्या. तिथं दाब इवल्याशा जागेवर येतो, त्यामुळे ते बघता बघता जास्त झिजतं आणि अंड्याचा लिंबू होतो.

मग ८०, २२०, ४००, ८००, १५००, ३००० या क्रमानं पॅड लावायचे; आकडा वाढतो तसा पॅड बारीक. प्रत्येक पॅडनंतर दगड, हात, पाटी, सगळं धुवायचं. २२० चा एक कण ८०० मध्ये आला तर चरा पडतोच. ओल्या दगडावर तो लपतो, म्हणून पुसून, वाळवून बघा. सपाट राहिलेली जागा मात्र ओल्यावरच कळते. ट्यूबलाइटखाली अंडं फिरवा. उजेडाची रेघ जिथं एकदम रुंदावली किंवा मोडली, तिथं अजून घासायचंय. गोलाचा बाक सगळीकडे एकच असतो, अंड्याचा प्रत्येक बोटावर बदलतो. खरी मेहनत तिथं आहे.

दगडात पांढरे डोळे असतील तर सांभाळा. स्टिल्बाइटसारखं झिओलाइट (दगडाच्या पोकळ्यांत साचणारं खनिज) पाषाणापेक्षा मऊ, त्यामुळे ते खोल जातं किंवा पापुद्र्यानं निघतं. गारेचा (क्वार्ट्झचा) डोळा कठीण, तो किंचित वर राहतो. तो ठेवा, शोभतो.

आता अंडंच का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ, म्हणजे सोन्याचा गर्भ, आहे, आणि ‘ब्रह्मांड’ शब्दात तर अंडं उघडच आहे. पण छांदोग्य उपनिषदातलं विश्वाच्या अंड्याचं वर्णन आम्हाला सर्वांत जवळचं. ते अंडं वर्षभर पडून राहतं, मग फुटतं. रुप्याचं शकल (तुकडा) ही पृथ्वी, सोन्याचं आकाश. आतल्या जाड वेष्टनाचे डोंगर होतात, पातळ वेष्टनाचे ढग आणि धुकं, शिरांच्या नद्या. पावसाळ्यात सज्जनगडावर उभं राहून हे वाचून बघा!

शिवाय हा आकार या दगडाच्या पोटातच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, वाहत्या लाव्ह्यानं ते लांबट झाले. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत गार, कॅल्साइट, झिओलाइट साचलं. भोवतीचा दगड झिजला की गारेचा अख्खा गोळा सुटून बाहेर येतो. अशी अंड्याएवढी गारगोटी बांधावर सापडली तर तिला पॅड लावू नका. नुसती धुवा आणि घरी आणा.