कॅसिनोच्या खांबावर माणगावचं नाव

इटलीचे नऊ दिवस एका ओळीत सांगते. रोमला गर्दी, फ्लॉरेन्सला त्याहून जास्त, व्हेनिसला उभं राहायला जागा नाही आणि चौथ्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना भात हवा होता. मला लिहायचंय ते फक्त एका दुपारबद्दल, जी आमच्या प्लॅनमध्ये नव्हतीच.

सासरे म्हणजे अण्णा, माणगाव तालुक्यातले, वय ७४, पहिल्यांदाच देशाबाहेर. तिकिटं काढायच्या आधीच म्हणाले, "सूनबाई, तिकडे आपल्या यशवंतरावांचं नाव आहे कुठल्यातरी दगडावर, तेवढं बघायचंय." मी त्यांच्या घरात लग्न होऊन आले त्याला सोळा वर्षं झाली, दर गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासन् तास अडकून वैतागलेय, आणि तिथल्याच तहसील कचेरीजवळ ज्यांचा पुतळा आहे ते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना गेलेले यशवंत घाडगे कोण हे मला माहीत नव्हतं. ह्याची मला खरंच लाज वाटली.

रोमहून लोकल ट्रेनने दोनेक तासांवर कॅसिनो नावाचं गाव. डोंगरावर तो प्रसिद्ध मठ दिसतो, १९४४ च्या फेब्रुवारीत बाँबने पार उद्ध्वस्त झालेला आणि नंतर पुन्हा बांधलेला. सगळे टुरिस्ट वर मठात जातात, खाली महायुद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीत आम्ही तिघं, एक म्हातारं ब्रिटिश जोडपं आणि गवत कापणारा एक माणूस. स्टेशनपासून ऊन डोक्यावर घेत चालत गेलो, नवरा सारखा "अण्णा टॅक्सी करू" म्हणत होता आणि अण्णा ऐकत नव्हते. गेटपाशी पोचल्यावर त्यांनी बूट काढले. मोजेपण काढले, नीट घडी करून बुटात ठेवले आणि अनवाणी त्या हिरवळीवर चालायला लागले. मी म्हणणार होते की इथे चालतं घालून, पण म्हटलं नाही.

चार हजारांहून जास्त पांढरे दगड रांगेत उभे आहेत आणि मध्ये हिरव्या संगमरवराचे उंच खांब. ज्यांची कबर कुठे आहे हेच माहीत नाही अशांची नावं त्या खांबांवर कोरलीत, तीसुद्धा चार हजारांच्या वर. आधी मी 'नाईक यशवंत घाडगे' मधलं 'नाईक' हे आडनाव समजून शोधत होते, मग लक्षात आलं तो हुद्दा आहे आणि त्याखाली माणसं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचा खांब सापडला आणि एकदम सगळी आडनावं ओळखीची, म्हणजे आपल्या शाळेच्या हजेरीत असतात तशी, फक्त इंग्रजी अक्षरांत. त्यात घाडगे, पुढे व्हीसी, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. अण्णा काहीच बोलले नाहीत. अक्षरांवरून बोट फिरवत राहिले, एकदा, दोनदा, आणि मग मला म्हणाले, "बावीस वर्षांचा होता गं."

बावीसच. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, पळसगाव-आमडोशीचा, तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. गेले १० जुलै १९४४ ला, पण इथे नाही, बरंच उत्तरेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले नाहीतर जखमी झाले, उरले हे एकटे. सोबत यायला कोणी नाही हे माहीत असून ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, हातातल्या टॉमीगनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना त्या बंदुकीनेच मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात ते गेले.

पदकाच्या मानपत्रात एवढंच आहे, शेवटची काही मिनिटं. इटलीतल्या लढाईत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीय सैनिकांचे आणि त्यातला एक हा, ही माहिती सगळीकडे मिळते. पण आधीची बावीस वर्षं? मला त्यांचं घर बघायचं होतं, पोहायला कुठे शिकले, कोणाशी भांडले, घरी पाठवलेल्या पत्रात काय विचारायचे, हे हवं होतं. मी अण्णांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "१० जुलै म्हणजे आपल्याकडे भातलावणी. घरचे सगळे चिखलात वाकलेले असणार, त्यांना काय माहीत." मानपत्र वाचून रडू आलं नव्हतं, ह्या वाक्याने आलं. आवणाच्या मुठी, डोक्यावर इरलं, धो धो पाऊस, आणि त्याच घटकेला पोरगा ह्या कोरड्या उन्हात.

एक खंत राहिली. ते पडले त्या भागात, मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या गावाने २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाने सूर्यघडी उभारलीय, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही तिथे गेलो नाही, कारण व्हेनिसच्या हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. चुकलंच आमचं. व्हेनिस सोडायला हवं होतं.

निघताना अण्णांनी बूट हातातच ठेवले, गेटबाहेर कठड्यावर बसून घातले. ट्रेनमध्ये झोपले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले.

परत आल्यावर १० जुलैला मी डोंबिवलीहून अण्णांना गावी फोन लावला. मागे पावसाचा आवाज एवढा की निम्मं ऐकूच येईना. माणसं मिळत नाहीयेत, खालचा खाचर अजून लावायचाय, असं काय काय सांगत होते. मग म्हणाले, "सकाळीच जाऊन आलो कचेरीजवळ. हार घातला, पण पार भिजला बघ."