आकृती काढली की कोड आपोआप येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: सिम्युलिंकसारख्या, ब्लॉक जोडून मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो, आणि नुसता सांगाडा नाही, कंपाइल होऊन ईसीयूवर (गाडीतल्या छोट्या कंट्रोलर संगणकावर) चालणारा अख्खा सी कोड येतो. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरू पाहणारी मुलं हे हमखास विचारतात. मात्र आकृतीत तुम्ही जे ठरवत नाही, ते जनरेटर आपल्या डीफॉल्टप्रमाणे ठरवून मोकळा होतो.

रेडिएटरचा पंखा घ्या. ९८ अंशांना सुरू, ९४ ला बंद. स्टेटफ्लोमध्ये, म्हणजे सिम्युलिंकच्या अवस्थांच्या आकृत्या काढायच्या भागात, दोन स्टेट (अवस्था: चालू आणि बंद), दोन ट्रान्झिशन (एकीतून दुसरीत नेणारे बाण), झालं. (अशा आकृत्या, म्हणजे स्टेटचार्ट, डेव्हिड हारेल यांनी इस्रायली लढाऊ विमानाच्या कामात शोधले, त्यावरचा त्यांचा निबंध १९८७ चा.) सिम्युलिंकमध्ये सॉल्व्हर (मॉडेल वेळेत पुढे सरकवणारा भाग) फिक्स्ड-स्टेप, डिस्क्रीट ठेवा, म्हणजे ठरलेल्या अंतराने एकेक पाऊल; सॅम्पल टाइम, म्हणजे ते अंतर, १० मिलिसेकंद. एम्बेडेड कोडरने, म्हणजे मॉडेलचा सी कोड करणाऱ्या जनरेटरने, बिल्ड केलं की मुख्यतः दोन फंक्शन मिळतात: इनिशियलाइज आणि स्टेप. टायमरने दर १० मिलिसेकंदांनी स्टेप बोलवायचं. चार्ट सहसा एका स्टेपमध्ये एकच ट्रान्झिशन घेतो, म्हणजे तीन ट्रान्झिशनची साखळी पार व्हायला तीन स्टेप लागतात. हे विसरून ‘उशीर का होतोय’ म्हणून लोक टायमर तपासत बसतात.

आता खरी गंमत डेटा टाइपची. काही सांगितलं नाही तर बहुतेक सिग्नल डबल (६४ बिटांचे दशांश आकडे) होतात; संगणकावर सगळं सुरळीत, स्वस्त कंट्रोलरवर मात्र रखडतं. म्हणून आठ बिटांचा पूर्णांक घेतला. तापमान अधिक ४० असा कच्चा आकडा येतो, म्हणजे ९८ अंशांचे १३८. दोन सेन्सरची सरासरी काढायला १३८ आणि १३८ ची बेरीज केली: २७६. आठ बिटांत २५५ च्या पुढे जागाच नाही, आकडा गुंडाळला जाऊन २० उरतो, निम्मे १०, म्हणजे उणे ३० अंश. इंजिन तापलंय आणि पंखा गप्प. सॅच्युरेशन लावलं, म्हणजे आकडा गुंडाळू न देता कमाल मर्यादेवर थांबवला, तर २५५ ला अडकून निम्मे १२७, म्हणजे ८७ अंश. पंखा तरीही गप्पच! उपाय साधा: बेरजेचा आउटपुट सोळा बिटांचा करा. पण डबलवर पास झालेल्या टेस्ट टाइप बदलल्यावर पुन्हा चालवल्या नाहीत, तर हे कळणार कसं? त्याच टेस्ट आधी मॉडेलवर, मग जनरेट झालेल्या कोडवर, मग प्रत्यक्ष कंट्रोलरवर चालवायच्या आणि आउटपुट ताडून बघायचे. एमआयएल, एसआयएल, पीआयएल (अनुक्रमे मॉडेल, सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर ‘इन द लूप’) म्हणतात ते हेच.

अल्जेब्राइक लूप, म्हणजे ब्लॉकचा आउटपुट त्याच क्षणी फिरून त्याच्याच इनपुटला लागणं, राहिला तर बिल्ड अडतं. मध्ये युनिट डिले (मागच्या स्टेपचा आकडा देणारा ब्लॉक) टाकला की सुटतं, फक्त तिथे एक सॅम्पलचा उशीर आला हे लक्षात असू द्या.

९८ हा आकडा ब्लॉकमध्ये तसाच लिहिलात तर कोडमध्येही तसाच छापला जातो आणि कॅलिब्रेशनवाल्यांना (असे आकडे गाडीवर जुळवणाऱ्यांना) गाडीत बसून तो बदलता येत नाही. त्याला पॅरामीटर करा, स्टोरेज क्लास एक्सपोर्टेड ग्लोबल द्या, म्हणजे कोडमध्ये तो नाव असलेला ग्लोबल व्हेरिएबल होतो.

आणि जनरेट झालेल्या फाइलमध्ये हाताने ‘छोटीशी’ दुरुस्ती? पुढच्या बिल्डला ती पुसली जाते. ड्रायव्हरसारखा (हार्डवेअरशी बोलणारा) हाताने लिहिलेला कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि सी कॉलर या, बाहेरचं सी फंक्शन बोलवणाऱ्या ब्लॉकमधून बोलवा.