एका वेळी एकच बदल

आपल्या शाळेने आपल्याला काय दिले, हा प्रश्न स्मरणिकेसाठी लिहायला बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला पडत असणार, आणि माझ्यापुरते त्याचे उत्तर अगदी नेमके आहे. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या सर्व जशाच्या तशा ठेवायच्या आणि जे दिसले ते त्याच क्षणी वहीत उतरवायचे, ही शिस्त विज्ञानाच्या सरांनी आम्हांला लावली. पुढे फुलांची छायाचित्रे काढणे हा माझ्या आयुष्याचा ध्यास झाला, आणि त्यात मला जे काही साधले ते या शिस्तीमुळेच साधले.

तो काळ रोलच्या कॅमेऱ्याचा होता. एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे निघत आणि रोल धुऊन येईपर्यंत आपण काय टिपले आहे याचा काहीच अंदाज येत नसे. त्यामुळे कॅमेऱ्याची मांडणी कागदावर नोंदवली नसेल, तर हाती आलेल्या छायाचित्रावरून काही शिकताही येत नसे. विज्ञान मंडळाच्या मुलांना सर शाळेच्या बागेत नेत, कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवत आणि फूल, वेळ, प्रकाश, छिद्र (भिंगातून प्रकाश आत येण्याची लहानमोठी करता येणारी वाट), शटरचा वेग (ती वाट किती वेळ उघडी राहते) असे रकाने आखलेली वही आमच्यापैकी एकाच्या हाती देत.

पहिला धडा जास्वंदीने दिला. या फुलाचा परागकोशांनी वेढलेला दांडा पाकळ्यांच्या बराच पुढे येतो आणि त्याच्या टोकाला पाच बारीक फाटे असतात, त्यामुळे खोलीचा, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो याचा, अभ्यास करायला याहून चांगले फूल मला अजून सापडलेले नाही. एफ/२.८ वर, म्हणजे छिद्र मोठे ठेवून, ते पाच फाटे तेवढे रेखीव आले आणि मागच्या पाकळ्या विरघळून नुसता रंग उरला. एफ/१६ वर, म्हणजे छिद्र लहान करून, पाकळ्यांच्या शिराही मोजता आल्या, परंतु त्याबरोबर मागची पाने आणि काटक्याही स्पष्ट होऊन लक्ष वेधू लागल्या. आकडा वाढतो तसे छिद्र लहान का होते, हे सरांनी तिथेच भागाकार करून दाखवले: भिंगाच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागायचे, म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ/२ वर २५ मिलिमीटर असते आणि एफ/१६ वर जेमतेम तीन मिलिमीटर उरते. गणिताच्या तासाला भागाकार इतका मनापासून मी कधीच केला नव्हता.

छिद्र लहान केले की प्रकाश कमी होतो, आणि त्याची भरपाई शटरला करावी लागते. एफ/४ वर सेकंदाचा १/५०० भाग पुरत असेल, तर तेवढ्याच प्रकाशासाठी एफ/१६ वर १/३० लागतो. आणि १/३० सेकंदात वाऱ्याने डोलणारे फूल स्थिर राहत नाही. जवळून काढलेल्या छायाचित्रात फुलाबरोबर त्याची हालचालही मोठी होते, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, धुऊन आलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली की पटते. म्हणूनच वारा पडलेला असतो अशी पहाटेनंतरची वेळ मला आजही सर्वांत प्रिय आहे.

पुढे मॅक्रो भिंग, म्हणजे अगदी जवळून टिपणारे भिंग, हाती आले तेव्हा हा पेच आणखी घट्ट झाला. फुलाचा भाग त्याच्या मूळ आकाराइतका टिपायचा असेल, तर ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एफ/८ लावूनही स्पष्ट दिसणारी खोली सुमारे एक मिलिमीटरच असते. अशा वेळी छिद्र लहान करत जाण्यापेक्षा कॅमेरा फुलाच्या बाजूला नेऊन त्याचा महत्त्वाचा भाग भिंगाला समांतर आणणे अधिक फलदायी ठरते, असे माझे ठाम मत आहे. शिवाय एफ/२२च्या आसपास प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळेच चित्र किंचित मऊ पडू लागते, म्हणजे त्या वाटेने फार दूर जाताही येत नाही.

पांढऱ्या गुलाबाने वेगळाच प्रश्न उभा केला. चौकट भरून टिपलेला तो गुलाब राखाडी आला, कारण कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम उजळपणाची समजतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अधिक प्रकाश दिल्यावर पांढरा रंग परतला. परंतु तेच फूल गडद पानांच्या पार्श्वभूमीवर लहानसे टिपले, तर मापक पानांच्या अंधाराला भुलून प्रकाश वाढवतो आणि पाकळ्यांवरील सर्व बारकावे पुसले जातात, म्हणून तिथे उलट प्रकाश कमी करावा लागतो. लाल फुलांचे दुखणे डिजिटल कॅमेऱ्यात नीट कळते: चित्रात गडद ते उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा एकूण आलेख (हिस्टोग्राम) निर्दोष दिसत असताना केवळ लाल रंगाची पट्टी उजवीकडच्या टोकाला आदळलेली असते आणि पाकळीचा पोत नाहीसा होतो. त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

निळ्या फुलांविषयी मात्र विस्ताराने सांगण्याचा मोह होतो. अ‍ॅजेरेटम किंवा मॉर्निंग ग्लोरीसारखी काही फुले डोळ्यांना निळी दिसतात, तरी रंगीत फिल्मवर ती गुलाबीकडे झुकलेली येत, आणि छिद्र किंवा शटर कितीही बदलले तरी फरक पडत नसे. ही फुले डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाशही भरपूर परावर्तित करतात आणि फिल्मचा लाल रंग नोंदवणारा थर त्याला काही प्रमाणात प्रतिसाद देतो, हे कारण मला पुष्कळ नंतर समजले. जीवशास्त्राच्या बाई म्हणत असत की फुलाचा रंग हा फूल, प्रकाश आणि पाहणारा यांच्यात मिळून ठरतो. त्या वाक्याचा एवढा शब्दशः पुरावा मिळेल असे तेव्हा वाटले नव्हते.

आज शाळेतल्या मुलांच्या हाती बहुधा मोबाइल असतो आणि बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र बदलता येत नाही, तरीही प्रयोगाला पुष्कळ जागा आहे. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस पक्का करावा, उजेडाची पट्टी एकेक पायरी खाली आणत तेच फूल टिपावे आणि मग उजेड तोच ठेवून व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवण्याची सोय) ऊन आणि सावली या दोन्हींवर लावून पाहावा. माझ्या जुन्या नोंदवह्या, छायाचित्रांसह, मी शाळेच्या ग्रंथालयाकडे सोपवत आहे. त्यांतील रकान्यांत मोबाइलसाठी कोणते बदल करावे लागतील, हे विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावे. मी बागेत त्यांच्यासोबत यायला केव्हाही तयार आहे.