राक्षसाची मापं

दसऱ्याच्या आदल्या रात्री भाचा घरी आला, आपट्याची पानं टीव्हीवर ठेवली आणि म्हणाला, "मामा, एक राक्षस शिवून द्याल का?"

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. सव्वीस वर्षं झाली. कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक पसरायचे, वर खाकी कागदाचा पॅटर्न ठेवायचा, खडूनं आखायचं आणि मशीन फिरवायची. शाळेची हाफ पँट, नर्सचा एप्रन, वॉचमनचा शर्ट, सगळं कापून झालंय. राक्षस नव्हता झाला.

भाचा आणि त्याचे कॉलेजातले चार दोस्त वीस मिनिटांची फिल्म करणार होते. शेततळ्यातून रात्री काहीतरी वर येतं, अशी गोष्ट. मी विचारलं, "हल्ली हे कॉम्प्युटरवर करतात ना?" तर म्हणाला, "बजेट न्हाई, मामा." तो 'शिवून द्याल का' म्हणाला, 'बनवून' नाही, म्हणून मी हो म्हटलं. बाकी काही कारण नाही.

त्यानं मोबाईलवर जुने राक्षस दाखवले. सगळ्यात गाजलेले दोन निघाले एकाच सालचे, १९५४. एक जपानचा गॉडझिला. त्याच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट होता. पहिला सूट रबर घालून घालून जवळजवळ १०० किलोचा झाला, गडी थोडं चालला की खलास. शेवटी तो सूट कमरेत कापला आणि खालचा भाग नुसत्या पायांच्या शॉटला वापरला. मी भाच्याला म्हटलं, "हा ट्रायल न घेता शिवलाय." त्याला हसू आलं, पण मी गमतीनं बोललो नव्हतो. पुढं त्याच माणसानं १९७२ पर्यंत तो राक्षस केला, म्हणजे नंतरचे सूट कुणीतरी नीट कापले असणार.

दुसरा अमेरिकेतला, पाण्यातला, माशासारखा गिलमॅन. तो फोम रबरचा, नटाच्या अंगाचा साचा काढून त्यावर बसवलेला. जमिनीवर बेन चॅपमन, पाण्याखाली रिकू ब्राउनिंग. माणसं दोन म्हणून सूटही दोन मापांचे. त्याचं डिझाईन मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या बाईंचं होतं, आणि वर्षानुवर्षं श्रेय मेकअप खात्याच्या साहेबानं घेतलं. हे ऐकून मला राक्षसापेक्षा त्या बाईंबद्दल जास्त वाटलं. शर्टाच्या कॉलरला कंपनीचं लेबल असतं. ज्यानं कापला त्याचं नाव कुठं असतं?

राक्षसाच्या आत जाणारा पोरगा म्हणजे भाच्याचा दोस्त. उंची पाच फूट सात, छाती ३६, कंबर २८, आणि घाम येण्यात गल्लीत पहिला. त्याला जुने कपडे घालून गच्चीवर उभा केला. वरून भाकरी गुंडाळायची ती पातळ प्लास्टिकची फिल्म, आणि तिच्यावर पार्सलची खाकी टेप, गळ्यापासून घोट्यापर्यंत. मग मार्करनं रेषा: काख, बगल, मांडीची शिवण, पाठीचा मध्य. प्रत्येक रेषेवर खाचांच्या खुणा, नाहीतर नंतर डावं कुठलं आणि उजवं कुठलं कळत नाही. अर्ध्या तासानं तो आतून म्हणाला, "मास्तर, गरगरायलंय." गुडघे ताठ ठेवून उभा होता शहाणा. पाठीतून कात्री घालून घाईघाईनं सोडवला, ताक पाजलं. ते टेपचं कवच कापून सपाट केलं की पॅटर्न तयार. ही युक्ती मला आधी माहीत असती तर ज्या गिऱ्हाइकांची पोटं मापाच्या टेपमध्ये मावत नाहीत त्यांनाही गुंडाळलं असतं.

फोम आमच्या चौकातल्या रिक्षा कुशनवाल्याकडून आणला. एक इंच जाडीच्या शीट, आणि सीटचे उरलेले तुकडे किलोवर. पहिल्या दिवशी मी सव्वीस वर्षांच्या अनुभवाची माती केली. कापडाला कापतात तसा फोम कापला, छाती बरोबर ३६ ठेवली. चिकटवून पोराच्या अंगावर चढवला तर पाठीत तीन इंच फट! मला आधी वाटलं पोरगं जेवून आलंय. मग चहा पिताना डोक्यात आलं. कापडाला जाडी नसते असं धरून आम्ही आयुष्य काढतो. एक इंच फोमचा मधला थर अंगापासून अर्धा इंच लांब असतो, आणि चहूबाजूंनी अर्धा इंच लांब म्हणजे घेरात तीन इंच आणि वर थोडं. शाळेतला पाय, वर्तुळाच्या घेराचा, ३.१४ वाला. पंचेचाळिसाव्या वर्षी उपयोगी पडला.

कात्रीनं फोम कापू नका. कात्रीत तो दबतो आणि कड आत वळलेली येते. कटरचं पातं लांब बाहेर काढायचं, दर दहा-बारा कापांना नवं मोडायचं, आणि एका दमात ओढायचं. चिकटवायला सोल्यूशन, चप्पलवाले वापरतात ते. दोन्ही कडांना लावायचं, बोट लावलं तरी चिकटणार नाही इतकं वाळू द्यायचं आणि मग खाचेला खाच जुळवून दाबायचं. एकदा टेकलं की टेकलं. तिथं उसवणं नसतं. मी पहिल्या संध्याकाळी हे मधल्या खोलीत, खिडक्या लावून केलं. रात्री डोकं असं ठणकलं की हिनं सोल्यूशनचा डबा, फोम आणि मला, तिघांनाही गच्चीवर हलवलं.

मग आलं लेटेक्स. रबराच्या झाडाचा चीक, केरळातून मागवलेला, पाच लिटरचा कॅन. तो घट्ट होऊ नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, त्यामुळं झाकण उघडल्याबरोबर एसटी स्टँडची मुतारी आठवते. पोराच्या मनगटावर थोडा लावून एक दिवस थांबलो, कारण काहींना रबराची अ‍ॅलर्जी असते. काही झालं नाही. दिसायला दूध, वाळला की मधासारखा पिवळट. स्पंजच्या तुकड्यानं टिपत टिपत पातळ हात द्यायचे. एक जाड हात दिला की वरून साय धरते आणि आत कच्चा राहतो. सोलापूरच्या उन्हात एक हात वाळायला चहा करून पिण्याइतका वेळ लागायचा. आपल्या उन्हाचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

नुसता लेटेक्स फोमवर दिला तर तो पीत राहतो, आणि कोपरात, काखेत फाटतो. म्हणून सांध्यांना जुन्या बनियनचं कापड लेटेक्समध्ये भिजवून बसवलं. तेवढ्यात हात टॉवेलकडे गेला. सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेल कारखान्यांच्या वस्तीत राहून घरात फाटका टॉवेल नाही असं होत नाही. टॉवेलचा तुकडा भिजवून खांद्यावर थापला, वाळल्यावर बघतो तर त्याचा एकेक फासा ताठ उभा, मध्ये मध्ये चिकटलेला, ओल्या भिंतीवर शेवाळ धरतं तसा. भाचा बघतच राहिला. पाठ, मान, मांड्या, सगळीकडे टॉवेल. कारखान्यांत काठाचे तुकडे पोत्यानं पडलेले असतात. आमचा राक्षस साठ टक्के सोलापुरी टेरी टॉवेल आहे, हे फिल्म बघणाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

छातीची खवलं मात्र सीताफळाची. बार्शीकडची सीताफळं बाजारात आलेली. हिनं आणलेल्यातली तीन मोठी, कच्ची मी उचलली. गणपतीवाल्याकडून पीओपी आणला, पुठ्ठ्याच्या खोक्यात सीताफळ अर्ध्यापर्यंत शाडूत रुतवलं आणि वरून पीओपी ओतला. पीओपी धरताना गरम होतो. त्या उबेनं सगळ्या गच्चीवर सीताफळाचा वास सुटला. धरल्यावर फळ चमच्यानं उकरून काढलं की आत डोळ्यांचा साचा. साचा आठवडाभर वाळवायचा. त्याला तेल लावायचं नाही. लेटेक्स ओतायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, उरलेला परत कॅनमध्ये. पीओपी पाणी शोषून घेतो आणि कडेला कातडं धरतं. दुसऱ्या दिवशी टाल्कम पावडर भुरभुरवत हळूहळू सोलायचं. पावडर विसरलात तर ते कातडं स्वतःलाच चिकटतं आणि मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. असे बेचाळीस तुकडे काढले. तीन सीताफळांचा हिशेब हिनं दिवाळीपर्यंत मागितला.

रंगात एक चूक होता होता वाचली. पेंटरनं ऑईलपेंट सुचवला होता. ऑईलपेंटला ताण नसतो, वाकलं की तडकतो, आणि तेल म्हणजे रबराचं विष. त्याऐवजी भिंतीच्या रंगात घालायचे स्टेनर लेटेक्समध्येच मिसळले. बरणीत पोपटी दिसतं ते वाळून शेवाळी होतं, म्हणून नेहमी दोन शेड फिका करायचा. शेवटी कोरड्या ब्रशनं टॉवेलच्या टोकांवर पिवळट हात फिरवला आणि तेव्हा कुठं ते जनावर वाटायला लागलं.

डोकं बांधकामावरच्या पिवळ्या हेल्मेटवर उभारलं. दात चपलेच्या शीटचे. डोळे प्लास्टिकच्या चेंडूचे अर्धे, वर हिच्या नेलपॉलिशचे तीन हात. पोरगा बघतो ते तोंडातून, काळ्या जाळीआडून. खालचा जबडा इलॅस्टिकनं त्याच्या हनुवटीला बांधला, म्हणजे तो बोलला की राक्षस चावतो. टाळूत कॉम्प्युटरचा जुना पंखा, खिशात बॅटरी. या पंख्यावरून भाचा आणि मी भांडलो. त्याला आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल याची काळजी. मी सांगितलं, "आवाज पुसता येतो म्हणतोस ना? पोरगा आत पडला तर त्याच्या आईला तू सांगायचं." पंखा राहिला.

एक दिवस सूट वाळत घालायचा म्हणून दोरीवर टांगला आणि कामावर गेलो. शेजारच्या अव्वा, म्हणजे तेलुगू आजी, सांडगे उचलायला गच्चीवर आल्या. दुपारी मला फोन. "दय्यम! तुमच्या गच्चीवर दय्यम!" दय्यम म्हणजे तेलुगूत भूत. संध्याकाळी त्यांच्या पाया पडलो, सूट हाताला लावून दाखवला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दोन बोटांत चोळला. आयुष्यभर टॉवेल शिवलेल्या त्या. म्हणाल्या, "माल हलका आहे." एवढं एकच परीक्षण मला पटलं.

शूटिंग फेब्रुवारीत, होटगी रोडच्या पुढं एका दोस्ताच्या शेतात. तिथं मला माझी मोठी चूक कळली. पाण्यातून येणारा राक्षस मी कशाचा केला होता? स्पंजाचा! तळवे आणि पोटऱ्या पाण्यात गेल्या आणि फोमनं तळं प्यायला सुरुवात केली. गुडघ्याच्या पुढं पाठवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कमरेला दोरही होता, पण तेवढ्यातच एकेक पाय बादलीएवढा जड झाला. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा, त्यावर तो पाय उचलेना. तिघांनी ओढून बाहेर काढला. भाचा तेवढ्यातही कॅमेरा चालू ठेवून होता, आणि फिल्ममध्ये सगळ्यात भारी शॉट तोच निघाला; लोक म्हणतात काय चाललाय तो, जड जड! मी त्या शॉटला अजूनही खाली बघतो. दुसऱ्या शेड्यूलला गुडघ्याखालचं सगळं चपलेच्या शीटमध्ये नव्यानं कापलं. ती शीट पाणी पीत नाही.

आणखी एक. मान घासते म्हणून पोरानं मला न विचारता गळ्याला खोबरेल चोपडलं. दोन दिवसांत आतली कड लोंबून चिकट झाली, च्युइंगमसारखी. तो बिचारा सॉरी सॉरी करत होता, पण चूक माझी. मान घासत होती म्हणजे गळा मी अर्धा इंच वर कापला होता. घासलं नसतं तर त्यानं तेल कशाला लावलं असतं? गळा खाली घेतला, आतून सुती पट्टी लावली.

मे महिन्यात माळ्यावरून सूट काढला तर पाठीच्या चेनच्या दोन्ही बाजूंनी लेटेक्स तपकिरी पडून ओशट झालेला. चेन पितळेची. पितळेत तांबं असतं आणि तांबं रबर नासवतं. घरात होती म्हणून लावली होती, दहा-वीस रुपये वाचवायला. आता प्लास्टिकची लावलीय.

पॅटर्न मात्र मी फेकले नाहीत. कारखान्यात भिंतीला खिळ्यांवर सगळे पॅटर्न टांगलेले असतात, शाळेचं नाव आणि साईज लिहून. त्यातच शेवटच्या खिळ्यावर हा गठ्ठा आहे, वर मार्करनं 'राक्षस ३६'. परवा नवीन हेल्पर पोरगा गठ्ठा काढून टेबलावर घेऊन आला. "मास्तर, ही कुठली शाळा? कापड कुठलं लावू?"

म्हटलं, ठेव तिकडंच. आतला पोरगा आता जिमला जायलाय, छाती ३८ झालीय. नवीन काढावा लागेल.