प्रेसवर बोटं का जातात

आज सुरक्षा समितीत पुन्हा पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्राचा विषय निघाला. जुन्या प्रेसवर दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक पाचर मारून दाबून ठेवलेलं असतं. कामगार बेफिकीर म्हणून नव्हे, तासाचं टार्गेट त्याशिवाय निघत नाही म्हणून! की-क्लचच्या (एकदा सुटलेला स्ट्रोक मध्येच थांबवता न येणाऱ्या) प्रेसचा ब्रेक झिजला की रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, न सांगता दुसरा स्ट्रोक मारतो, तेव्हा हात डायमध्ये, म्हणजे साच्यात असतो. तिथे बटणंही वाचवत नाहीत.

युनियनच्या प्रतिनिधीने शिफ्टच्या सुरुवातीला रिकामा स्ट्रोक, ब्रेक, गार्डचा इंटरलॉक (गार्ड उघडा असताना प्रेस चालू न देणारी सोय) बघावा, आणि टार्गेटचा कागदसुद्धा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात कलम ४१-जी आलं: सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन निम्मे-निम्मे, अशी त्यात तरतूद होती. मुद्दा इतिवृत्तात लिहूनच घ्या, तोंडी तक्रार पुढच्या बैठकीपर्यंत विरते.