स्मरणचित्राचा पेपर

शाळेत असताना द्यायच्या एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचा, एक पेपर असायचा. विषय ठरलेले: बसस्टॉप, भाजीबाजार, सार्वजनिक नळ, गणपती विसर्जन. मुलं चित्र चक्क पाठ करून जायची. डावीकडे झाड, उजवीकडे घर, मध्ये तीन माणसं. माणसांचे पाय जमत नाहीत म्हणून गुडघ्यापर्यंत गवत. परळच्या बसस्टॉपवरसुद्धा गवत! हात जमत नाहीत म्हणून ते पाठीमागे बांधलेले किंवा खिशात घातलेले. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी या गवतावर बंदी घातली होती. कुणी काढलंच तर ते खोडरबर पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "कापून टाक. बघू दे, खाली पाय आहेत का."

सरांची शिकवण्याची पद्धत अभ्यासक्रमात कुठे लिहिलेली नव्हती. शाळेच्या जुन्या इमारतीत ड्रॉइंगचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याच्या खिडक्या रस्त्यावर उघडायच्या. आम्हाला दोन-दोन, चार-चार करून खिडकीशी उभं करायचे. कागद-पेन्सिल न्यायची नाही, एकच माणूस निवडायचा आणि तो नजरेआड होईपर्यंत बघायचा. मग जागेवर येऊन काढायचा. पुन्हा उठून बघायची सोय नाही. आधी आधी सगळ्यांचेच कागद कोरे राहायचे, कारण आपण चेहरा बघतो, आणि दुसऱ्या मजल्यावरून चेहरा दिसतच नाही. काही आठवड्यांनी लक्षात यायला लागलं की डोक्यात दुसरंच काही उरतं. कुठला खांदा खाली आहे, भार कुठल्या पायावर आहे, पिशवी जड असली की मोकळा हात अंगापासून किती लांब जातो. नाक-डोळे काढायला तर बंदीच होती. "माणूस पाठीवरून ओळखता आला पाहिजे," एवढंच सरांचं म्हणणं.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्या काळच्या कंडक्टरचे दोन्ही हात अडकलेले असत. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात चिमटा. वरचा दांडा धरायला हातच उरत नाही. म्हणून कंडक्टर कंबर सीटच्या कडेला टेकवतो, एक पाय पुढच्या सीटच्या लोखंडाशी अडवतो आणि सगळी गाडी त्या दोन टेकूंवर पेलतो. ब्रेक लागायच्या आधीच त्याचं अंग मागे कललेलं असतं, कारण रस्ता पाठ असतो. 'बसमधील गर्दी' या विषयावर मी नेमकं तेच काढलं. माझ्या कंडक्टरला नाक नव्हतं, टोपीही वाकडी होती. सरांनी कागद फळ्याला टाचला आणि वर्गाला विचारलं, "गाडी आत्ता कुठल्या बाजूला वळतेय?" पोरांनी बरोबर सांगितलं. शाबासकी वगैरे काही मिळाली नाही, पण मी चित्रकार व्हायचं त्या तासाला ठरलं असावं. घरी सांगायला मात्र पुढे बराच वेळ लागला.

बाहेर माझी शिकवणी रद्दीच्या दुकानात चालायची. जुने दिवाळी अंक किलोवर मिळत. मुळगावकरांच्या चित्रांतल्या गुळगुळीत कांतीच्या नायिका मी वहीत उतरवायचो, वर्गात त्यांना मागणी असायची. सरांनी एकदा वही उघडून बघितली, हसले आणि म्हणाले, "सुंदर आहे रे. पण हिला चार बादल्या पाणी भरायला सांगितलं तर भरेल का?" दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं मात्र त्यांनी स्वतः आणून दाखवली. सपाट रंगात, दोन-चार जाड रेषांत बाई कशी ठामपणे बसते ते दाखवायला. आज मला दोघंही आवडतात, पण अडलं की मी दलालच बघतो. मासिकांचा चित्रकार म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांनी त्यांच्या रचना नीट बघितलेल्या नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी एस.एस.सी.ला बसलो ते 1982 साल. 18 जानेवारीला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि मार्चमध्ये आमची परीक्षा. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसलेले. रोज पाळीला जाणारा माणूस दुपारी चाळीच्या कठड्याला टेकून उभा राहतो तेव्हा त्याला हातांचं काय करावं तेच कळत नाही. ते हात मी पुढे कित्येक वर्षं काढत राहिलो. पुढे जे.जे. या कला महाविद्यालयात गेलो, तिथल्या लायब्ररीत केथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीची विणकरांच्या उठावावरची सहा मुद्राचित्रं पहिल्यांदा बघितली. ती 1893 ते 1897 मधली, पण मला ती आमच्या गल्लीतली वाटली. चित्रात कुणी घोषणा देत असेल-नसेल, माणसं दमलेली आहेत हे पाठीच्या बाकावरून कळतं.

जे.जे.मध्ये मला व्याकरण मिळालं. लाईफच्या, म्हणजे समोर माणूस उभा करून काढायच्या वर्गात पहिला धडा ओळंब्याचा. उभ्या मॉडेलच्या गळ्याच्या खळीतून सरळ खाली दोरा सोडला, तर एका पायावर भार असताना तो त्या पायाच्या घोट्याशी येतो. आला नाही, तर तुमचं चित्र पडतं; छटा कितीही सुंदर दिल्या तरी पडतं. मॉडेलला विश्रांती द्यायच्या आधी कुणीतरी खडूने तिच्या पावलांभोवती रेघ मारायचं, म्हणजे परत येऊन ती त्याच पोझमध्ये उभी राहील. वर्ग सुटल्यावर लाकडी चौथऱ्यावर अशा कितीतरी पावलांच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या असत. मी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि मित्र मला वेड्यात काढायचे. तिथेच वाचनात आलं की एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकोक द ब्वाबोद्रां नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांना आठवणीतून चित्रं काढायला लावत आणि शिल्पकार रोदँ त्यांच्या हाताखालून गेला होता. आमच्या सरांनी हे नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. खिडकी त्यांची स्वतःचीच होती.

व्याकरण आलं, पण बोलायचं काय हा प्रश्न होताच. आमच्या वेळी हुशार मुलं अमूर्ताकडे वळत. गायतोंडे, बरवे ही नावं दबक्या आवाजात घेतली जायची आणि माणसं रंगवणारा म्हणजे कॅलेंडरवाला अशी समजूत होती. गायतोंड्यांची चित्रं मीही तासन्‌तास बघितली आहेत. पण त्यांच्यासमोर उभं राहूनही माझं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या बघणाऱ्याच्या गुडघ्यांकडे जायचं. त्याला इलाज नाही.

सुटका झाली ती सुधीर पटवर्धनांमुळे. तेव्हा पेशाने रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात दवाखाना, आणि चित्रात लोकल, कामगार, इराण्याचं हॉटेल. त्यांचं 'इराणी रेस्टॉरंट' 1977 चं, 'ट्रेन' 1980 चं. 1981 मध्ये ते, भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरी यांनी मिळून 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन केलं. मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे ते हुकलं. पण माणूस पुन्हा चित्रात आणणं म्हणजे मागे जाणं नव्हे, हे भांडण कुणीतरी आपल्या आधी भांडून ठेवलं आहे, याचा मोठा आधार वाटला. पुढे त्यांचं 2001 चं 'लोअर परळ' बघितलं. आमचा भाग, गिरण्या जाऊन टॉवर येतानाचा. त्यांच्या चित्रांतली माणसं कुणाची प्रतिनिधी म्हणून उभी नसतात, आपापल्या कामाला निघालेली असतात. 'कष्टकरी' नावाचं पोस्टर करणं सोपं आहे. डाव्या टाचेला भेग पडलेला एक विशिष्ट माणूस काढणं कठीण, आणि मला त्यातच रस आहे.

माझी पद्धत अजून तीच, खिडकीची. फोनमध्ये कॅमेरा असूनही मी चित्रासाठी फोटो काढत नाही. फोटोत सगळंच सारख्या महत्त्वाने येतं. दुखरा गुडघा आणि मागची जाहिरात यांत तो फरक करत नाही. मी गाडीतून उतरल्यावर, फलाटावरच्या बाकावर बसून काढतो. जे विसरलं ते चित्राच्या कामाचं नव्हतं असं धरून चालतो. कॅनव्हासवर आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग, त्यात फडक्याने पुसून-पुसून अंग शोधायचं, पायांपासून वर. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि कधी कधी तो येतच नाही. एका गॅलरीवाल्याने मला चेहरे स्पष्ट करायला सुचवलं होतं, म्हणजे चित्रं दिवाणखान्यात शोभतील. त्यांचा धंदा त्यांना कळतो. आमचं जमलं नाही एवढंच.

माणसांच्या उभं राहण्यात मात्र बदल झाला आहे. पूर्वी गर्दीत हात वर असायचे, आता एक हात वर आणि मान खाली. मोबाइलने सगळ्या शहराची मान एकाच कोनात वळवली आहे आणि चित्रकाराची त्यात पंचाईत होते, कारण दहा माणसं दहा वाटत नाहीत. म्हणून मी सध्या रेल्वेच्या पुलाचे जिने काढतो आहे. जिन्यावर फोन बघत चालणं अजून सगळ्यांना जमत नाही. उतरणारा माणूस किंचित मागे कलतो, पायरी पायाने चाचपतो. चढणाऱ्याचा जोर मांडीवर येतो आणि हात आपोआप गुडघ्याकडे जातो. मधल्या रेलिंगपाशी दोघांचे खांदे घासतात. उतरणारे झाले आहेत. चढणाऱ्यांतली पिशवीवाली बाई तीनदा पुसून झाली, भार अजून पुढच्या पायावर येत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनाची तारीख हातात आहे, तोवर ती वर चढली पाहिजे. आमच्या शाळेतल्या मंडळींनी अवश्य यावं आणि आधी पाय बघावेत.