खान थांबेल, आधी ओमीला जाऊन येऊ

मी त्सुशिमात उतरले तेव्हा जो तो एकच सांगत होता, मामाला सोडव. लॉर्ड शिमुरा कानेदा किल्ल्यात कैदेत आहेत, खानाचे मंगोल गावं जाळत सुटलेत, वेळ नाही. आणि मी एका कोल्ह्याच्या मागे बांबूच्या बनातून धावत होते, कारण तो थांबून थांबून मागे वळून बघत होता, येतेयस ना म्हणून. शेवटी त्याने मला इनारी या देवतेच्या एका छोट्याशा देवळीपाशी आणून सोडलं, मी हात जोडले, त्याला कुरवाळलं, आणि मग मामाची आठवण झाली.

तर हे घोस्ट ऑफ त्सुशिमाचं प्रवासवर्णन आहे. हो, जपानच्या त्सुशिमा बेटावर घडणाऱ्या व्हिडिओ गेमचंच. 2020 साली आला, मी बराच उशिरा घेतला आणि इतके आठवडे त्या बेटावर काढलेत की मला तो प्रवासच वाटतो. मेन स्टोरीबद्दल फार लिहिणार नाही. ती चांगलीच आहे, पण ते बेट मला भेटलं ते आडरस्त्यांवर, साइड मिशन्समध्ये.

आधी फिरायचं कसं ते सांगते कारण माझ्या मते सगळी जादू तिथे आहे. कोपऱ्यात गोल नकाशा नाही, डोक्यावर बाण नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि गवत ज्या बाजूला झुकेल तिकडे घोडा वळवायचा, बस. त्यामुळे होतं काय की डोळे स्क्रीनच्या कोपऱ्यात अडकत नाहीत, समोर राहतात, आणि समोर काय काय असतं, पांढऱ्या तुऱ्यांचं कुरण, मधेच धूर, मधेच एक पिवळा पक्षी येऊन घिरट्या घालतो, त्याच्या मागे गेलं की गरम पाण्याचं कुंड नाहीतर कुणाचं तरी दुःख. जे लोक मिशन संपलं की लगेच फास्ट ट्रॅव्हल मारतात (नकाशावरून थेट पुढच्या जागी उडी) त्यांच्यावर माझा खरंच राग आहे. अरे, पैसे कशाचे दिलेत तुम्ही?

इझुहारा या पहिल्या भागातले सुरुवातीचे सगळे दिवस असेच गेले, कोल्हे, कुंडं, बांबू कापणे. हायकूच्या जागा मात्र एकही सोडली नाही. जिन, म्हणजे आपण ज्याला खेळवतो तो सामुराई, कुठेतरी उंचावर मांडी घालून बसतो, तुम्ही नजर फिरवायची, झाड, पाणी, पडकं घर, जे दिसेल त्यातून एकेक ओळ निवडायची आणि तीन ओळींची कविता तयार. जाणकार म्हणतात गेम घडतो त्या 1274 साली हायकू कुठला, तो सतराव्या शतकातला प्रकार. बरोबर आहे, तेव्हाचा सामुराई फारतर वाका, म्हणजे त्याआधीची जपानी कविता, रचत असणार. पण शिरीष पैंमुळे मराठीत रुळलेला हायकू वाचत मी मोठी झाले, आणि तो असा जागेवर बसून, वारा ऐकत करायचा असतो हे मला या गेमने दाखवलं, म्हणून मला ती चूक खुपत नाही.

तक्रार पण आहे आणि मोठी आहे. गावोगावी जी छोटी मिशन्स मिळतात त्यातली कितीतरी एकाच वळणावर जातात. रडणारी बाई किंवा म्हातारा, माझा भाऊ मंगोलांनी नेला, मग चिखलातले पायाचे ठसे शोधत वाकून चाला, मग छावणी, मग मारामारी, आणि शेवटी भाऊ मेलेलाच. ठसे शोधणं तर मला अक्षरशः नको झालं होतं. लिहिणाऱ्यांनी एवढं सुंदर बेट उभं केलं आणि मग पन्नास वेळा आपल्याला जमिनीकडे बघायला का लावलं हे मला आजही कळत नाही.

आता युरिको. ज्यांना खेळायचंय आणि आधी कळायला नकोय त्यांनी इथेच थांबा, मी मनापासून सांगतेय.

ओमी हे जिनचं स्वतःचं गाव, साकाई घराण्याचा वाडा तिथे. आई लवकर गेलेली, बाप पण गेलेला, वाड्यात उरलीय ती युरिको, जिने त्याला लहानपणी सांभाळलं. मेन स्टोरीत ती त्याला झाडापाल्यातून विष कसं करायचं ते शिकवते. तेव्हा मला वाटलं झालं हिचं काम, नवीन हत्यार मिळालं, चला पुढे. पण नंतर नकाशावर तिचं एक साइड मिशन उघडतं आणि तिथे ना तलवार कामाला येत ना धनुष्य.

जिन आणि ती वनस्पती शोधायला घोड्यांवरून निघतात. बोलता बोलता ती अडखळायला लागते. आधी वाटतं थकलीय. मग ती जिनला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारते, काझुमासा. जिन पहिल्यांदा सांगतो, मी जिन आहे. ती सावरते, हसण्यावारी नेते, आणि थोड्या वेळाने परत काझुमासा. आणि तिच्या आवाजावरून तुम्हाला कळत जातं की काझुमासा तिच्यासाठी नुसता मालक नव्हता, त्या दोघांत काहीतरी होतं जे तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही. आता ती ते मुलालाच सांगतेय, बापाला सांगतेय असं समजून.

माझी आजी शेवटच्या वर्षी मला आत्या समजायची. आत्या कॉलेजला लोकलने जायची, तर मी दारात दिसले की आजीचा प्रश्न ठरलेला, गाडी मिळाली का गं वेळेवर? आणि घरातलं कोणी ना कोणी लगेच, अहो आई, ही तुमची नात, लेक नाही. दर वेळी तिचा चेहरा पडायचा. ती गोंधळलेली नसायची हो तोपर्यंत, तिची मुलगी सुखरूप घरी आलेली असायची, आपण येऊन तिला गोंधळात टाकायचो. घरच्यांना वाटायचं खरं सांगितलं पाहिजे. कुणाचाच वाईट हेतू नव्हता, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

जिन काय करतो, तो दुरुस्त करायचं सोडून देतो. कुठलाही मोठा डायलॉग नाही, म्युझिक चढत नाही. तो फक्त एका ठिकाणी थांबतो आणि तिला हवं ते उत्तर देतो, तिचा काझुमासा होऊन. दोघं बसतात, समोर तिच्या ओळखीचा मुलुख आहे, ती बोलत राहते आणि बोलता बोलता जाते. माझ्या हातात कंट्रोलर होता आणि दाबायला एकही बटण नव्हतं. या गेममध्ये मी शेकडो लोक कापले असतील, रक्ताने माखलेला जिन बघून काही वाटेनासं झालं होतं, आणि इथे मी गेम पॉज करून उठले आणि आईला फोन लावला. काय बोलणार होते माहीत नव्हतं. आजीबद्दलच बोललो, खूप वेळ.

त्यानंतर बरेच दिवस मी मेन मिशनच्या वाटेला गेलेच नाही. तोयोतामा पालथं घातलं, मासाकोच्या सूडात तिच्यासोबत गेले (आख्खं कुटुंब गमावलेली बाई, कडू बोलते, पण मला ती सगळ्या पुरुषांपेक्षा जवळची वाटली), मग उत्तरेला कामिआगाता, जिथे सगळीकडे बर्फ. तिथे जोगाकू डोंगरावर चढायचं एक दंतकथेचं मिशन आहे, थंडीने जीव कमी होत जातो, एका शेकोटीपासून दुसऱ्या शेकोटीपर्यंत धावत सुटायचं. बक्षीस म्हणून पेटती तलवार मिळते. मिळाली, छान आहे, पण मला तिथून खाली दिसणारं बेटच जास्त आवडलं.

खरं बेट पण आहे बरं का, आणि ही नावं खरीच आहेत, इझुहारा, तोयोतामा, कामिआगाता. जपान आणि कोरियाच्या मधे, उत्तर-दक्षिण 80 किलोमीटरच्या वर, बहुतेक सगळं डोंगर आणि जंगल. 1274 ला कोमोदाच्या किनाऱ्यावर सो सुकेकुनी जेमतेम ऐंशी घोडेस्वार घेऊन मंगोल फौजेसमोर उभा राहिला आणि सगळे मारले गेले, गेमची सुरुवात तिथूनच घेतलीय. गेममधला मंगोलांचा म्होरक्या खान मात्र काल्पनिक, जिन पण. 2020 च्या वादळात तिथल्या वातात्सुमी देवळाची समुद्रातली एक तोरी (देवळापुढची कमान) पडली, पुजाऱ्यांनी 50 लाख येनसाठी ऑनलाइन मदत मागितली आणि जमले 2 कोटी 70 लाखांच्या वर, त्यात गेम खेळणारे कितीतरी. हे वाचून मला फार भारी वाटलं होतं. आणि त्याच देवळाने 2025 मध्ये पर्यटकांच्या वागण्याला कंटाळून फक्त भाविकांनीच यावं असं जाहीर केलं, तेव्हा तितकंच वाईट वाटलं. गेममध्ये टचपॅडवर बोट खाली सरकवलं की जिन वाकून नमस्कार करतो, आपण कारण नसताना प्रत्येक देवळीपुढे, प्रत्येक थडग्यापुढे वाकत फिरतो. खऱ्या देवळात जाऊन एवढंसुद्धा जमू नये?

सध्या मी इकी बेटावर आहे, डायरेक्टर्स कट या गेमच्या वाढीव आवृत्तीतलं. जिनचे वडील इथेच मारले गेले, लहानगा जिन लपून बघत होता. इथल्या लोकांना साकाई हे नाव नुसतं ऐकवत नाही, कारण काझुमासाने इथे येऊन जे केलं ते ते विसरलेले नाहीत. बेटावर काही जागा आहेत जिथे थांबलं की जिनला वडिलांच्या आठवणी येतात, आणि त्या ऐकताना माझ्या कानात युरिकोचा आवाज असतो, तिचा काझुमासा आणि यांचा काझुमासा एकच माणूस हे पटवून घेणं जड जातंय. म्हणून एका आठवणीनंतर लगेच दुसरीकडे जात नाही. मधे प्राण्यांच्या जागांवर जाते, तिथे कंट्रोलर वरखाली कलवून बासरी वाजवायची, जमली की हरणं जवळ येतात. माकडांची पण झाली. मांजरांची राहिलीय, ती आज रात्री.